भाड्याच्या दोन खोल्या आणि मुदतीचा कागद

घरमालक हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एखादा गडगंज शेटजी उभा राहतो. महिन्याच्या पहिल्या तारखेस वही काखोटीस मारून चाळीचे जिने चढणारा, खोकत खोकत पावत्या फाडणारा आणि पावसात छप्पर गळू लागले की गावाला निघून जाणारा. असे शेटजी होऊन गेले हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आमच्या धर्मग्रामांतून कुटुंबभेटीस जाताना आम्हांस जे घरमालक आढळतात ते अगदी निराळे असतात. इंदुरास रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीतून वरचा मजला चढवितात व तो भाड्याने देतात. बेळगावास एखादी शिक्षिका वडिलार्जित घराच्या मागच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना देते. बडोद्यास एखाद्या विधवेची औषधे, वीजबिल आणि धाकट्याची फी ही सारी एका भाडेकरूच्या पाकिटावर अवलंबून असतात. हा घरमालक गरीब नसेल, पण श्रीमंतही नाही. भाडे दोन महिने चुकले तर शेटजीचे काही अडत नाही. ह्याची मात्र चूल अडते.

इंदूर-ग्वाल्हेरकडे ज्यास किराएदार म्हणतात, बडोद्यास गुजराती वळणाने भाडुआत म्हणतात, त्या मनुष्याशी वागावे कसे आणि मुदत संपली म्हणजे करार वाढवावा कसा, ह्याविषयी आमच्याकडे इतकी माणसे विचारणा करीत येतात की ह्या विषयावर काही सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले. आम्ही वकील नव्हे. परंतु भांडण विकोपास गेले म्हणजे दोन्ही पक्ष वकिलाच्या आधी बहुधा धर्मगुरूच्या दारी येतात, आणि त्यामुळे काही गोष्टी पाहून व काही विचारून आम्हांस ठाऊक झाल्या आहेत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. तो म्हणजे अकरा महिन्यांचा. ‘अकरा महिन्यांचा कागद केला आहे, बारावा महिना लागला की त्याला जावेच लागेल’ असे लोक मोठ्या विश्वासाने सांगतात. अकरा हा आकडा आला कोठून? १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केल्यावाचून करता येत नाही. नोंदणी म्हणजे मुद्रांक, शुल्क आणि कचेरीतील एक सबंध दिवस. तो टाळावा म्हणून व्यवहारी लोकांनी वर्षातून एक महिना कापून टाकला. एवढेच त्या अकराचे रहस्य! घर रिकामे करून देण्याची कोणतीही शक्ती त्या आकड्यात नाही. ज्या शहरांत व ज्या घरांना भाडेनियंत्रणाचा कायदा लागू होतो तेथे कागदाची मुदत संपली तरी भाडेकरूचे संरक्षण संपत नाही. कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकी एखादे कारण मालकाने न्यायालयापुढे सिद्ध करावे लागते, आणि मगच ताबा मिळतो.

कायदा असा भाडेकरूच्या बाजूने का झुकला, हेही समजून घेतले पाहिजे. न पेक्षा मालकाच्या मनात विनाकारण कडवटपणा साठतो. पहिल्या महायुद्धात शहरे माणसांनी भरून गेली, घरे अपुरी पडली, आणि मुंबईत १९१८ साली भाड्यांवर पहिले बंधन आले. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर फाळणीच्या काळात तीच गोष्ट दसपट झाली. १९४७ चा मुंबई भाडे कायदा ह्या अडचणीतून जन्मला. बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेथे १९६१ चा कायदा आला व नंतर १९९९ चा; १९६० मध्ये बडोदे गुजरातेत गेले व जुना मुंबईचाच कायदा बरोबर घेऊन गेले. इंदूर-ग्वाल्हेरच्या घरांचे तंटे मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या कायद्याखाली दोन-तीन पिढ्या चालत आले. गोव्यात मुक्तीनंतर १९६८ साली कायदा झाला. (गोव्यातील वाचकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा : मुंडकार म्हणजे भाडेकरू नव्हे. त्याच्यासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याचे हक्क अगदी निराळे आहेत.)

हेतू चांगला होता. परिणाम मात्र सर्वस्वी चांगला झाला नाही. मुंबईच्या कायद्याने भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. तांदूळ, तेल, कापड, गवंड्याची मजुरी, सर्व काही वाढत गेले. भाडे तेवढे होते तेथेच राहिले. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू घर सोडीना, आणि वाडे मात्र खचत गेले. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच मुंबईच्या कायद्यातील ही गोठवण काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहे असे म्हटले. महाराष्ट्रात त्यानंतर १९९९ चा नवा कायदा झाला. जुन्या वाड्यातील चाळीस रुपये भाड्याची खोली ही ह्या इतिहासाची उरलेली खूण आहे, आणि तिच्यावरून आजच्या भाडेकरूवर दात खाण्यात अर्थ नाही.

आता एक उदाहरण सांगतो. ठिकाण इंदूर, नावे सांगण्याचे कारण नाही. एक विधवा बाई, पुढच्या खोलीत स्वतः राहात व मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या. भाडे ६,००० रुपये. भाडेकरू एका खाजगी दुकानात नोकरीस, पत्नी व दोन मुले. माणसे वाईट नव्हती. पहिले वर्ष भाडे वेळेवर आले. पुढे अर्धे येऊ लागले. पुढे ‘काकू, पुढच्या महिन्यात एकदम देतो’ एवढे शब्द येऊ लागले. बाई भिडस्त. एकाच नळावर पाणी भरायचे, एकाच अंगणात पापड वाळत घालायचे. तोंडावर पैसे मागणार कसे? कागद नव्हता; पावत्याही नव्हत्या. सात महिन्यांचे ४२,००० रुपये थकले तेव्हा त्यांचे भाऊ आले आणि म्हणाले, ‘पाणी तोड, दोन दिवसांत जातील.’

हा सल्ला इतका प्रचलित आहे की त्याविषयी येथेच स्पष्ट बोललेले बरे. पाणी, वीज, संडासाची वाट बंद करणे, बाहेर गेल्यावर दाराला आपले कुलूप लावणे, सामान अंगणात काढणे ही सर्व कृत्ये मालकाचीच बाजू बुडवितात. भाडेनियंत्रणाचे कायदे अत्यावश्यक सोयी तोडण्यास मनाई करतात. शिवाय १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे ज्याला कायद्याच्या मार्गावाचून घराबाहेर काढले तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्नच विचारात घेत नाहीत. म्हणजे घर आपले, थकबाकी आपली, आणि न्यायालयात आरोपीसारखे उभे राहणारेही आपणच! कायदा बाजूला ठेवला तरी तान्ह्या मुलाच्या घरातले पाणी तोडणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, एवढे आम्ही त्या भावाला तेव्हाच सांगितले. तो रागावून निघून गेला.

बाईंनी पाणी तोडले नाही. वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने मागणीची नोटीस पाठविली. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या कायद्यात अशी व्यवस्था आहे की थकलेल्या भाड्याची नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने सर्व बाकी न दिली तर ते घर खाली करून घेण्याचे एक कारण होते; दिली तर ते कारण उरत नाही. भाडेकरूने मेहुण्याकडून उसने आणून दुसरा महिना संपण्याच्या चार दिवस आधी सर्व रक्कम भरली. बाई आमच्याकडे येऊन खिन्नपणे म्हणाल्या, ‘फादर, आता खटल्याचे कारणच गेले.’ वकील मात्र हसत होते. त्यांचे म्हणणे असे की ४२,००० रुपये हाती आले, घरमालक-भाडेकरू हे नाते आणि भाड्याचा आकडा दोन्ही पक्षांच्या लेखी कबुलीत आले. कागद नसलेल्या माणसाला ह्याहून अधिक काय हवे? आम्हांस त्यांचे म्हणणे पटले.

खरी अडचण त्यानंतर दीड वर्षाने आली. पुण्यास नोकरी करणारा मुलगा लग्न करून इंदुरास परत येणार होता, आणि एका खोलीत तीन माणसे राहणे शक्य नव्हते. स्वतःच्या राहण्याची खरीखुरी गरज हे त्या कायद्यात मान्य केलेले कारण आहे. मात्र त्याच शहरात आपल्या ताब्यात दुसरी सोयीची जागा नाही हे दाखवावे लागते. आणखी एक गोष्ट पुष्कळ बहिणींना ठाऊक नसते : १९८३ च्या सुमारास त्या कायद्यात एक वेगळे प्रकरण घातले गेले. त्यानुसार विधवा, घटस्फोटिता, अपंग व्यक्ती, निवृत्त सरकारी नोकर आणि सैन्यदलांतील माणसे ह्यांना अशा गरजेसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी भाडेनियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि भाडेकरूला विरोध करावयाचा असल्यास समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत शपथपत्र देऊन तशी परवानगी मागावी लागते. बाईंच्या हाती हे शस्त्र होते. ते उगारण्यापूर्वी त्यांनी भाडेकरू पतिपत्नीस समोर बसवून सांगितले की मुलगा येतो आहे, घर हवे आहे, आणि नकार आला तर आपण अर्ज करणार आहोत. भाडेकरूची मोठी मुलगी दहावीत होती. परीक्षा मार्चात. त्याने मे महिन्याची अखेर मागितली. बाईंना फेब्रुवारी हवा होता, कारण लग्न एप्रिलात ठरले होते.

दोन संध्याकाळी ह्यावर पुष्कळ बोलणे झाले, आणि त्यातले काही न छापण्यासारखे आहे. अखेर लग्न झाल्यावर नवे जोडपे दीड महिना आत्याकडे राहील असे ठरले. ३१ मे ही तारीख, तोवरचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेस, अनामत किल्ली हातात पडताच परत, असा कागद झाला. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. वकिलांनी बाईंना एक गोष्ट बजावली होती : असा कागद म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, तो केवळ पुरावा आहे, अर्ज दाखल करून त्यातच तडजोड नोंदविली असती तर ती अधिक बळकट झाली असती. बाईंनी तरी कागदावरच विश्वास ठेवला. भाडेकरू दोन जूनला गेला.

असा शेवट प्रत्येक वेळी होत नाही. काही भाडेकरू मुदत आणि दया दोन्ही घेतात व शेवटी दावाच करावयास लावतात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांचा खटला त्यांच्या हयातीत संपला नाही. म्हणूनच सुरुवात नीट असावी लागते.

सुरुवात म्हणजे कागद. त्यात उभयतांची नावे व कायमचे पत्ते, कोणती जागा (खोल्या, नळ, गच्ची, दुचाकी ठेवण्याची जागा), कशासाठी, किती भाडे, कोणत्या तारखेस, अनामत किती, वीज-पाणी कोणी भरावे, पोटभाडेकरू ठेवू नये, मुदत कधी संपते आणि सोडावयाचे असल्यास किती दिवस आधी कळवावे हे स्पष्ट असावे. ‘परस्पर समजुतीने’ हे शब्द कोठेही घालू नयेत. भांडणाच्या दिवशी समजूतच शिल्लक नसते. पुष्कळ शहरांत नव्या भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास देण्याचा आदेश असतो, तो पाळावा. ज्यांची मुले पुण्यात किंवा ठाण्यात सदनिका घेऊन त्या भाड्याने देतात त्यांनी ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात अकरा महिन्यांची युक्ती चालत नाही. १९९९ च्या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे तेथे परवान्याचा म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी करून नोंदविलाच पाहिजे, तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची, आणि न नोंदविल्यास अटींविषयी राहणारा जे सांगेल ते उलट सिद्ध होईतो खरे धरले जाते. उलटपक्षी करार नोंदविलेला असेल तर मुदत संपूनही न जाणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

भाडे शक्य तो बँकेतून घ्यावे. रोख घेतल्यास पावती द्यावी व तिच्या स्थळप्रतीवर सही घ्यावी. पावती दिली की भाडेकरूचा हक्क तयार होतो अशी भीती वृद्ध मंडळींस वाटते. हक्क राहण्यातून येतो, पावतीतून येत नाही. पावती न दिल्याने फक्त आपला पुरावा नाहीसा होतो. तसेच ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचेच’ हीही एक दंतकथा आहे. भाडेकरू मालकाच्या संमतीने राहतो, आणि भाडेकरू म्हणून राहात असेतो त्यास मालकी सांगता येत नाही. बारा वर्षांचा आकडा येतो तो अन्यत्र : भाडेपट्टा संपुष्टात आल्यावर ताब्यासाठी दावा करण्याची मुदत बारा वर्षे आहे. आणि थकलेल्या भाड्यासाठी ती केवळ तीन वर्षे आहे. भिडेपोटी चौथे वर्ष लागले की पहिल्या वर्षाचे भाडे मागण्याचा मार्ग बंद होऊ लागतो.

आता मुदतवाढीविषयी. आमच्या अनुभवात जितके तंटे थकबाकीतून निघतात जवळजवळ तितकेच मुदतवाढीच्या हलगर्जीपणातून निघतात. कागद ३० जूनला संपतो, मालक गप्प, भाडेकरू गप्प, जुलैचे भाडे येते, मालक घेतो, ऑगस्टचेही घेतो, दिवाळीला मालकास आठवण होते आणि तो एकाएकी दीड हजार वाढवून मागतो. भाडेकरू म्हणतो, ‘मुदत संपली तेव्हा का बोलला नाहीत?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. मुदत संपल्यावर मालकाने भाडे स्वीकारले तर सर्वसाधारण कायद्याप्रमाणे राहण्याच्या घराचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याने पुढे चालू झाला असे समजतात. म्हणून मुदत संपण्यापूर्वी दोन महिने बोलणे काढावे. बोलणे भाडेकरूच्या दारात, जिन्यात किंवा मासळीची पिशवी हातात असताना काढू नये. वेळ ठरवून बसावे. नवे भाडे किती आणि का, हे सांगावे. पाच ते दहा टक्के वाढीचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु जेथे भाडेनियंत्रण लागू आहे तेथे वाढीची मर्यादा कायदाच सांगतो, ती आधी विचारून घ्यावी. आणि वाढ मागण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : वेळेवर भाडे देणारा, भिंतीस खिळे न ठोकणारा मनुष्य पाचशे रुपयांसाठी घालवून आपण दोन महिने खोली रिकामी ठेवली तर गणित कोणाच्या बाजूने जाते? चांगला भाडेकरू टिकविणे हे भाडेवाढीहून किफायतशीर असते, हे शेटजींना कळत नसले तरी विधवा बाईंना कळते.

त्या बैठकीत भाडेकरूचेही ऐकावे. गळती, उखडलेली फरशी, तुटलेले कडीकोयंडे ह्यांची यादी तो घेऊन येईल. ती अपमान समजू नये. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी वेळात न केल्यास भाडेकरूने ती करून घेऊन खर्च भाड्यातून कापावा अशी तरतूद १८८२ च्या कायद्यातच आहे. त्रास देणारा भाडेकरू म्हणून ज्याची गाऱ्हाणी आम्ही ऐकतो त्याच्या छपराकडे पाहिल्यावर कित्येकदा आम्हांस प्रश्न पडतो की त्रास नक्की कोण देतो आहे.

आणखी एक गोष्ट येथे बोलून टाकतो, कारण ती आमच्या मनात सलते. इंदूर-बडोद्याकडे आमच्या लोकांना खोली मिळता मिळत नाही. आडनाव ऐकले, मासे-मटण खाता का असे विचारले, आणि ‘खोली गेली’ असे उत्तर आले, हा अनुभव ज्यास आला नाही असे कुटुंब विरळा. तेच लोक स्वतः घरमालक झाले की दारावर आलेल्या मनुष्याचे आडनाव आधी विचारतात. भाडे देण्याची ऐपत, आधीच्या घरमालकाचा शब्द, नोकरीचा ठिकाणा हे जरूर विचारावे. बाकीच्या चौकशीने भाडे वेळेवर येते असा पुरावा आम्हांस अद्याप कोणी दाखविलेला नाही.

केंद्र सरकारने २०२१ च्या जूनमध्ये एक नमुना भाडेकरार कायदा संमत करून राज्यांकडे पाठविला. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. तरी त्यातील काही कलमे आपल्या कागदात घेण्यासारखी आहेत. राहण्याच्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी. दुरुस्तीसाठी आत येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी कळवावे. मुदत संपल्यावर न गेल्यास पहिले दोन महिने दुप्पट व पुढे चौपट भाडे द्यावे. शेवटचे कलम वाचून मालक मंडळी खूष होतात आणि पहिले दोन वाचून भाडेकरू. दोन्ही एकाच कागदात असल्यामुळे सही घेणे सोपे जाते, असे एका वकील मित्राचे म्हणणे आहे.

किल्ली परत घेण्याच्या दिवसाची तयारी किल्ली देण्याच्या दिवशीच करावी. पंखे किती, दिवे किती, नळाच्या तोट्या कोणत्या, भिंतीवर डाग कोठे, वीज मीटरचा आकडा काय, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी; हल्ली प्रत्येकाच्या खिशात छायाचित्र काढणारा दूरध्वनी असतो, त्याचा उपयोग करावा. निघण्याच्या दिवशी तेच पान हाती घेऊन खोल्यांतून एकत्र फिरावे, मीटरचा आकडा पुन्हा लिहावा, बिलाची रक्कम वजा करून उरलेली अनामत त्याच वेळी मोजून द्यावी आणि ‘जागेचा रिकामा ताबा मिळाला’ व ‘अनामत परत मिळाली’ ह्या दोन ओळींवर उभयतांनी तारखेसह सह्या कराव्या. रंग उडाला म्हणून पैसे कापू नयेत. राहण्याने रंग उडतोच. खिडकीची काच फुटली असेल तर काचेचे कापावे, आणि काचवाल्याची पावती दाखवावी.